रामरावांच्या संत्र्यातलं पाणी

इंझोरीच्या रामरावांना देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या. एक विहिरीला पाणी आणि दुसरं मऊ काळीज. यांतली एकच दिली असती तर त्यांची संत्री गोड निघाली असती, असं गावात सगळे म्हणत.

संत्र्याच्या बागेला पाणी द्यावं लागतं, तसं ते तोडावंही लागतं. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी बंद करून पानं मलूल होईपर्यंत गप्प बसायचं. पुढे फळ तोडणीला आलं की पुन्हा हात आखडता घ्यायचा, तेव्हा कुठे त्यात गोडी भरते. रामरावांना हे सगळं पाठ होतं. शेजारच्या पोरांना ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवून समजावून सांगत. पण स्वतःच्या बागेत भर दुपारी एखाद्या झाडाची पानं जरा मिटलेली दिसली की त्यांचा जीव खालीवर होई. "जराकसंच देतो," असं पुटपुटत ते मोटर चालू करून येत. त्यांचं जराकसं संध्याकाळपर्यंत चाले. ठिबकच्या नळ्या त्यांनी कधीच गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. थेंब थेंब पाणी आजाऱ्याला देतात, आपली झाडं धडधाकट आहेत, हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

त्यामुळे रामरावांचं संत्रं दिसायला राजबिंडं असे. मोठं, गोल, चकचकीत, हातात घेतलं तर वजनदार. पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे, आणि खाल्ल्यावर तोंडात तेवढंच राही. बाग बघायला येणारा व्यापारी झाडं पाहून खूश होई आणि फोड तोंडात टाकली की विषय बदलून पाऊसपाण्यावर बोलू लागे. पारावर कोणाला ठसका लागला तर हमखास कोणीतरी म्हणे, "अरे, धावा, रामरावचं संत्रं आणा."

रामराव या गोष्टी मनाला लावून घेत नसत. गाव आपलं, चेष्टा आपली. त्यांना लागलं ते लेकीच्या सासरचं बोलणं.

लेक वैजयंती कामरगावला दिली होती. व्याही जगदेवराव हेही संत्रेवाले. त्यांची जमीन मुरमाड, विहीर संक्रांतीलाच तळ दाखवणारी. त्यांची संत्री लिंबाएवढी, सालीला सुरकुत्या, पण चवीला अशी की खाणाऱ्याने डोळे मिटावे. वास्तविक ही सगळी कोरड्या विहिरीची कृपा. पण जगदेवराव तिचं श्रेय कोणालाच देत नसत, ते स्वतःकडे ठेवत. लग्नाच्या पंगतीत रामरावांनी हौसेने घरची संत्री ठेवली होती. जगदेवरावांनी एक सोलून खाल्लं, मिशा पुसल्या आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "इवाई, संत्रं झकास हाय. आता याच्यात टाकाले साखर आणा." पंगत हसली. मुलीचा बाप म्हणून रामरावही हसले.

त्यानंतर यंदा फेब्रुवारीत वैजयंतीचा फोन आला. तिला सातवा लागत होता, डोहाळजेवण माहेरी करायचं ठरत होतं. बोलता बोलता तिने हसत सांगितलं, "बाबा, आमच्या घरी पाव्हणा आला ना, तं मामाजी त्याले इचारतात, पाणी देऊ का इवायाचं संत्रं देऊ."

"मंग तू काय करतं?" रामरावांनी विचारलं.

"काय करू? मी बी हासतो."

फोन ठेवून रामराव खाटेवर टेकले. आपली लेक चार लोकांत बापाच्या संत्र्यावर हसते, कारण न हसून सांगेल कोणाला? हे त्यांना फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की डोहाळजेवणाला जगदेवराव येतील तेव्हा सगळ्या बायामाणसांसमोर त्यांच्या तोंडून 'गोड' एवढा एक शब्द काढायचा. मग पुन्हा कामरगावात त्या पोरीला हसावं लागणार नाही.

ठरवणं सोपं होतं. बाग व्यापाऱ्याला देऊन झाली होती. घरच्यासाठी राखलेली विहिरीमागची चार झाडं तेवढी उरली होती, फळांनी वाकलेली आणि नेहमीप्रमाणे चिंब.

वाट सापडली ती सुनेच्या डीप फ्रीजरमध्ये. सून मंजुषा बचत गटातून आणलेल्या त्या फ्रीजरवर कुल्फी आणि बरफगोळे विकायची. रामरावांनी एका दुपारी संत्र्याचा रस काढून बाटली त्यात ठेवली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर रसाचा दगड झालेला. त्यांनी बाटली पेल्यावर उलटी धरली आणि वाट पाहत बसले. थोड्या वेळाने गर्द केशरी धार लागली, चार घोट पेल्यात पडले आणि धार फिकी होत गेली. ते चार घोट त्यांनी घेतले आणि ताठ झाले. रस गोड होता. जगदेवरावांच्या संत्र्यासारखा गोड होता. बाटलीत मागे राहिला तो पांढुरका बर्फ, त्याला नुसता वास.

"मंजुषा, अवं हे काय होय?" त्यांनी हाक मारली.

मंजुषाने बाटली उजेडात धरून पाहिली. "त्यात काय मामाजी? बरफगोळा चोखला का रंग आंधी निंगून येते, मंग हातात कोरा बरफ राह्यते. तसंच हे. पाणी गोठून बसते, साखर गोठत नाई लवकर."

मंजुषाला यात नवल वाटलं नाही, पण रामरावांचं आयुष्य बदललं. म्हणजे साखर होती. इतकी वर्षं आपल्या संत्र्यात साखर होती, फक्त ती बुडालेली होती. आता पाणी तेवढं काढायचं. उभा जन्म ज्या माणसाने संत्र्यात पाणी घातलं, तो दुसऱ्याच दिवशी ते काढायला बसला.

पहिला गंज, म्हणजे उभं पातेलं, त्यांनी रसाने काठोकाठ भरून गोठवला आणि लवकर ठिबकावा म्हणून अंगणात उन्हात ठेवला. मार्चचं ऊन, त्याने बर्फ आणि रस असा भेदभाव केला नाही. तासाभरात सगळं वितळून पुन्हा जसाच्या तसा पानचट रस गंजात हजर. मग रामरावांना कळलं की घाई करायची नाही. गोठलेला गोळा चाळणीवर पालथा घालायचा, ओलं पोतं टाकून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा आणि खालच्या भांड्यात ठिबकणाऱ्या थेंबाचा रंग पाहत बसायचं. थेंब फिका झाला की चाळणी उचलायची. एरवी घरात दिवा लावायला न उठणारा हा माणूस त्या कोपऱ्यात बाळंतिणीची राखण करावी तसा बसू लागला.

फ्रीजरमधून कुल्फीचे साचे हळूहळू बाहेर आले. मंजुषाने आधी नाक मुरडलं, मग तोंड उघडलं.

"मामाजी, माह्या कुल्फीले जागाच नाई राह्यली. गिऱ्हाईक वापस जाऊन राह्यलं."

"डोहाळजेवणावरीक दम धर माय. इज्जतीचा सवाल हाय."

"कोणाची इज्जत?"

"संत्र्याची," रामराव गंभीरपणे म्हणाले. मंजुषा पदर तोंडाला लावून आत गेली.

कस्तुराबाईंची, म्हणजे रामरावांच्या मंडळींची, तक्रार वेगळीच होती. रामराव उरलेला बर्फ झाडाच्या बुंध्याशी फेकायला निघाले की त्या वाटेत उभ्या राहत. त्यांच्या हातून आजवर कोणतीही खायची वस्तू वाया गेली नव्हती, मग ती खाण्यालायक असो वा नसो. त्यांनी एक नवा माठ काढला आणि तो बर्फ त्यात टाकायला सुरुवात केली. वितळला की त्याचं थंडगार, किंचित आंबटगोड, संत्र्याच्या वासाचं पाणी होई. कस्तुराबाई दिवसभर तेच पीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजत.

"ते फेकाचं पाणी होय," रामराव चिडत.

"तुमाले फेका वाटते. मले ग्वाड लागते."

'ग्वाड' हा शब्द बायकोकडून त्या पाण्यासाठी ऐकून रामरावांना अपमान झाल्यासारखं वाटे.

एकदा पाणी काढलेला रस कस्तुराबाईंनी चाखला आणि म्हणाल्या, "झालं की आता. मस्त लागते." इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण पाणी द्यायचं तेव्हा ज्यांना थांबणं जमलं नाही, त्यांना पाणी काढताना तरी कसं जमावं? रामरावांनी तो रस पुन्हा गोठवला, पुन्हा ठिबकवला. दुसऱ्या वेळी तो दगडासारखा गोठेना, लापशीसारखा मऊ राहू लागला. याचा अर्थ आपण बरोबर चाललो आहोत, असा त्यांनी लावला. तिसऱ्या वेळी रंग विटकरी झाला. दर घडीला बोट बुडवून चाखून चाखून त्यांची जीभ एवढी बोथट झाली होती की तिला साखर आणि साल यांतला फरकही कळला नसता. वाढत होती ती नुसती गोडी नव्हती. आंबटपणा वाढत होता, आणि ठेवलेल्या रसाला येतो तो कडवटपणाही गुपचूप सोबत दाट होत होता. पण चाखताना रामरावांना 'गोड' म्हणणारं जगदेवरावांचं तोंड तेवढं दिसत होतं.

रस आटत गेला तशी संत्री कमी पडू लागली. त्यांनी एक झाड उतरवलं, मग दुसरं, मग बाकीची दोन्हीही. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी फ्रीजरच्या तळाशी एक लहान पातेलं होतं. चार झाडांचं सगळं सत्त्व त्यात आहे, असं रामरावांनी बायकोला सांगितलं. कस्तुराबाईंनी माठात डोकावून पाहिलं आणि वर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर कामरगावहून जीप आली. जावई प्रज्वल चालवत होता, पुढे जगदेवराव, मागे विहीणबाई, वैजयंती आणि फळांच्या टोपल्या. टोपल्यांत कामरगावची संत्री होती, हे रामरावांनी उतरवतानाच पाहून घेतलं. वैजयंती उतरली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. रामरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच फ्रीजरकडे वळले, पण रीत रीतीसारखी. पाहुणा दारात आला की आधी पाणी. कस्तुराबाई तांब्या आणि पेले घेऊन आधीच पुढे आल्या होत्या.

जगदेवरावांनी पेला घशात ओतला. थांबले. पुन्हा पुढे केला. दुसरा पेला त्यांनी हळूहळू, घोट घोट घेतला.

"इवाई," ते म्हणाले, "खरं सांगू? तुमच्या इहिरीचं पाणी लय ग्वाड हाय."

ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायामाणसांनी ते ऐकलं. रामरावांनी महिनाभर ज्या शब्दाची वाट पाहिली होती तो शब्द आला होता, सगळ्यांसमोर आला होता आणि पाण्याला लागला होता. हे विहिरीचं पाणी नाही, हे त्यांच्या ओठांवर आलं. पण मग कशाचं आहे तेही सांगावं लागलं असतं. ते मंजुषाकडे वळून म्हणाले, "पेले आण. लहाने आण."

विटकरी रसाचे लहान लहान पेले फिरले. रामराव समोर उभे राहिले, हात मागे बांधून. जगदेवरावांनी रंग पाहून भुवया उंचावल्या, अर्धा पेला एका घोटात घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसून अर्धा झाला. डोळ्यांत पाणी आलं. पाहुणा म्हणून त्यांनी तो गिळला, ही त्यांची थोरवी म्हटली पाहिजे.

"काढा कायचा होय हा?" त्यांनी आवाज सापडल्यावर विचारलं. "खोकल्याचा काय?"

विहीणबाईंनी आपला पेला हळूच पाटाखाली सरकवला. प्रज्वलने एकच थेंब जिभेला लावला आणि जीपचं चाक बघायला बाहेर गेला. रामरावांनी स्वतः एक पेला उचलून प्यायला. आज बऱ्याच वेळाने जिभेवर काही पडत होतं, त्यामुळे तिला सगळं कळलं. ते भिंतीला टेकले. महिनाभराची मेहनत, चार झाडं आणि सुनेचं गिऱ्हाईक, सगळं त्या एका घोटात कडू झालं होतं, आणि उद्यापासून कामरगावात नवी गोष्ट सांगितली जाणार होती. त्यांना लेकीकडे बघवेना.

कार्यक्रम तर करायचा होताच. वैजयंतीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, फुलांची वाडी भरली, ओटी भरली. गाणी झाली. मग कस्तुराबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "सांग माय, काय खावंसं वाटते तुले? आज मागशीन ते भेटीन."

वैजयंतीने जरा सासऱ्यांकडे पाहिलं, मग बापाकडे. म्हणाली, "संत्रं."

जगदेवरावांचा चेहरा फुलला. त्यांनी टोपलीतलं एक सुरकुतलेलं संत्रं उचललं. "मंग लाजतं कायले? हे घे."

"हे नाई मामाजी," ती म्हणाली. "तुमचे लय ग्वाड हायेत. खाल्ले का अजून तहान लागते. मले दोन महिन्यांपासून लय तहान लागून राह्यली. घसा कोरडाच राह्यते. मले बाबाचं संत्रं पाह्यजे. ते पाण्यावाणी लागते ना, तेच पाह्यजे."

डोहाळे लागलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं, आणि तिने मागितलेल्या गोष्टीची चेष्टा तर अजिबात करायची नसते. जगदेवरावांनी हातातलं संत्रं टोपलीत ठेवून दिलं आणि रामरावांकडे वळले. "इवाई, आणा ना मंग. तोडा दोनचार."

रामराव जागचे हलले नाहीत.

"नाईत," ते म्हणाले.

"काहून? चार झाडं घरचे राखता ना तुमी?"

"सारे पिळले."

"सारे? कायले?"

रामरावांनी एकदा छताकडे पाहिलं. "पाणी काढाले."

"कायचं पाणी?"

"संत्र्यातलं."

जगदेवरावांच्या मिशा थरथरल्या. हसू की काय करू, हे त्यांना कळेना. वैजयंतीच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. "बाबा," ती म्हणाली, "मले तं पाणीच पाह्यजे होतं."

असं वाक्य ऐकल्यावर माणसाने कुठे जावं? रामराव बिचारे फ्रीजरकडे गेले, उगाच झाकण उघडलं, लावलं. तिथे काही नव्हतं.

कस्तुराबाई उठल्या. घरात पाहुणे आहेत की नाहीत याचा विचार न करता त्यांनी माठ उचलून ओसरीच्या मधोमध आणून ठेवला. विटकरी रसाचं उरलेलं पातेलं आणलं. विहीणबाईंच्या पाटाखालचा पेलाही त्यांनी काढून त्यात रिकामा केला, त्यांच्या हातून काही वाया जात नसे. मग एका मोठ्या गंजात माठातलं पाणी ओतत, त्यात रस घालत, पळीने ढवळत त्या चाखत राहिल्या. विटकरी रंग केशरी झाला, केशरीचा फिका पिवळा झाला.

"अवं, काय करून राह्यली?" रामरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमी जे काढलं ते वापस टाकून राह्यली," त्या म्हणाल्या. "सोडा तिकडं."

पहिला पेला वैजयंतीने उभ्या उभ्याच प्यायला, पाटावरून उठून. दुसरा बसून. तिसऱ्याला तिने दम घेतला, डोळे पुसले आणि हसली. "हेच," ती म्हणाली. "बाबाच्या झाडाखाली बसल्यावाणी वाटून राह्यलं."

जगदेवरावांनी आपला पेला पुढे केला. कस्तुराबाईंनी भरला. त्यांनी तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. सगळी ओसरी त्यांच्याकडे पाहत होती. रामराव तर श्वास रोखून पाहत होते.

"कसं लागलं इवाई?" कस्तुराबाईंनी विचारलं. "ग्वाड हाय?"

"ग्वाड नाई," जगदेवराव प्रामाणिकपणे म्हणाले आणि पेला पुन्हा पुढे केला. "अजून द्या."

मग पेले फिरतच राहिले. विहीणबाई प्यायल्या, जीपच्या चाकाकडून प्रज्वल परत आला, गाणी म्हणून घसा बसलेल्या बायांनी दोन दोन घेतले. बाहेर पत्रा तापून कडकडत होता आणि आत कोणी गोडाचा विषय काढत नव्हतं. रामराव पेले भरून देत होते. किती जण पुन्हा मागतात ते बघून त्यांना आधी नवल वाटलं, मग जरा बरं वाटू लागलं, पण खात्री होईना. चेष्टेची इतकी सवय झालेली.

गंज तळाला गेला. शेवटचा एक पेला भरला तेव्हा एकाच वेळी दोन हात पुढे आले, वैजयंतीचा आणि तिच्या सासऱ्यांचा. जगदेवरावांची बोटं पेल्याला लागलीही होती. त्यांनी ती मागे घेतली आणि पेला सुनेकडे सरकवला.

"घे माय," ते म्हणाले. "तुह्या बापाचं संत्रं होय. आता ते कोठी भेटते कामरगावात?"

वैजयंती हसली. या वेळी ते हसू तिचं स्वतःचं होतं, हे रामरावांना बापाच्या कानांनी कळलं. त्यांना फार आनंद झाला, आणि तो व्याह्यांसमोर दिसायला नको म्हणून ते रिकामा गंज उचलून विसळायला मोरीकडे निघून गेले.